बिगरवर्दीचा चोर

आखाडा बाळापूर
९ डिसेंबर २०००

हरिचंद,

रामराम लिहिणारच नव्हतो. रहिमाबी म्हणली, कुठल्या बी पत्राला सुरुवात लागती, एकदम भांडणावर काय येता? म्हणून रामराम.

पत्ता रामप्रसादकडून काढला. तुहा भाऊ बी तुह्यासारखाच. 'दादानं सांगितलंय, युसूफला देऊ नको,' म्हणला. मी म्हणलं, बरं, मंग इथं ओट्यावरच बसतो, चहा पाजत राह्य. दुसऱ्या चहाला पत्ता आला. सिकंदराबादला मोठ्या बिल्डिंगीचा वाचमन झालास म्हणे. वर्दी बी हाये म्हणे. बघ, ज्या वर्दीपायी एवढं रामायण झालं, तीच अंगावर चढवली.

आता मुद्द्याचं. वारंगा फाट्यावर लोकं हसले. हसले तं हसले! आपला शिनेमा काय रडायचा होता का? फाट्यावरच्या हाटेलवाल्यानं टीव्ही आणलाय, सीडी आणली, आन नेमका आपलाच शिनेमा हिंदीत, आवाजासकट दाखवला. ते तुला माहीत न्हाई, मला माहीत न्हाई. आपण गेलो आपलं मुकं रीळ आन पडदा घेऊन. तू माइक धरून शिनेमातल्या जाड्याच्या आवाजात म्हणला, 'चोर हाव, पण पोटासाठी चोर हाव,' आन तो ट्रकचा क्लीनर वरडला, 'ओ मामा, तो चोर न्हाई, तो इन्स्पेक्टर हाये!'

अरे मंग असंल इन्स्पेक्टर! त्याला काय होतंय? दोन शिव्या हासडायच्या आन पुढं चालू द्यायचं. तू माइक खाली ठेवला, चपला घातल्या आन चालू लागला. पडद्यावर जाड्या जिन्यावरून गडगडत येऊन राहिला, भोंग्यातून आवाज कशाचा, तं माह्या मशिनीच्या घरघरीचा. लोकांनी मला उभं-आडवं घेतलं. मी मागं वळून बघतो तं तू रोडच्या पल्याड. मी हाक मारली. ऐकली तू, खोटं बोलू नको.

आठवडा न्हाई झाला तं बायको-लेकरं घेऊन हैदराबादच्या गाडीत बसलास. मला सांगितलं बी न्हाई.

असो. इकडं धंदा जोरात चालू हाये. तुह्याबिगर काही अडलं न्हाई. नानीवहिनीला सलाम सांग, तुला न्हाई.

युसूफ


आखाडा बाळापूर
१८ मार्च २००१

हरिचंद,

पत्राला जवाब न्हाई. बरं हाये. पोष्टमन मला बघून आता लांबूनच मान हालवून राहिला, म्हंजे मी विचारायलाच नको.

होळीला तुह्या तांड्यावर गेलो होतो. पडदा लावायचं रामप्रसादच म्हणला. तुह्या जाग्यावर थावराला उभं केलं. थावराचा आवाज तुला माहीत हाये, बैलाला हाक मारली तं शेजारच्या गावचा बैल वळतो. त्यानं जाड्याचं बोलणं बी तसंच केलं, बाईचं बी तसंच केलं. मालकीणबाईचा हिरा गेला म्हणून ती रडून राहिली आन थावरा भोंग्यातून असा गरजला की लहान लेकरं खरंच रडाया लागले. बेबीकाकी उठली आन पडद्यासमोर येऊन म्हणली, 'ए मुडद्या, बस खाली. माहा पुतण्या येईल तवा बघू आमी.' मशिन बंद करावी लागली.

मला पहिला खेळ आठवला. तुला आठवत नसंल, तू मोठा माणूस झालास, म्हणून लिहितो. नांदेडच्या भंगारवाल्याकडून मी मशिन घेतली, तिच्यासंगं त्यानं हे रीळ गळ्यात मारलं. पहिल्या रिळाचं तोंड फाटलेलं, म्हणून नावाचा पत्ता न्हाई. पट्टीच्या कडेला आवाजाची रेघ असती, ती पार घासून गेलेली. मला वाटलं मशिनच बिघडली. मुका शिनेमा घेऊन तुह्या तांड्यावर आलो, आन लोकं ढेकळं उचलायला लागले. तवा तू उठला. कोण कुठला, मी वळखत बी न्हाई. पडद्याजवळ गेला आन अर्ध्या गोरमाटीत, अर्ध्या मराठीत बोलायला लागला. बाईचा आवाज बाईचा, नोकराचा नोकराचा. कुत्रं बी भुंकवलं.

मंग बेबीकाकीनं विचारलं, चोर कोण? तू पडद्याकडं बघितलं. तो जाड्या लोकायच्या खोल्यात शिरून राहिला, कपाटं उचकून राहिला, पलंगाखाली लपून राहिला. तू म्हणला, हाच. एक मास्तर होते, ते म्हणले, तो साध्या कपड्यातला पोलीस असंल. काकीनं मास्तरला उडवूनच लावलं. 'पोलीस घरात शिरतो तवा वर्दी घालून शिरतो. बिगरवर्दीचा शिरला तो चोर. आमाला सांगतंय!' सगळा तांडा हो म्हणला. मी बी हो म्हणलो. मला आजबी ते बराबरच वाटतं.

त्या दिवशी तू माह्या संगं जेवला आन मशिनीची पेटी डोक्यावर घेऊन पुसेगावापर्यंत आला. परत जा असं मी म्हणलो न्हाई, तू बी जातो म्हणला न्हाई.

थावराचं नाव काढून काही बोलू नको. त्यानं मन लावून केलं होतं.

युसूफ


आखाडा बाळापूर
२६ ऑगस्ट २००१

हरिचंद,

मी तो खरा शिनेमा बघून आलो.

फाट्यावरच्या त्याच हाटेलात. जाणार न्हाई अशी कसम खाल्ली होती, पण पाय गेले. पुरी-भाजी मागवली आन कोपऱ्यात बसलो. सुरू झाल्यावर मला काहीच वळखू येईना. चेहरे आपले, बोलणं परक्याचं. आपला जाड्या काय बोलतो माहीत हाये का? काहीच न्हाई! 'मुझे शक है,' 'मुझे शक है,' एवढंच. जिन्यावरून पडतो तवा तुह्या तोंडून 'अगं माय, ह्या घराला पायऱ्या हायेत का फणी?' म्हणायचा. इथं नुसता पडतो. लोकं हसतात, पण पडणाऱ्याला हसतात तसं.

आन तो पांढऱ्या कोटवाला, कबुतरायला दाणे टाकणारा. चोर तोच निघाला. हिरा त्यानंच घेतला होता. काहून? तं लालच. बस्स. एवढा देखणा माणूस आन नुसता लालची. मला लई वाईट वाटलं. तू त्याला काय केला होता! शेवटी त्याला बेड्या पडतात, त्याचा अर्थ लागंना, तं तू म्हणला, हा जाड्याचा दोस्त हाये, दोस्ताचा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालला. बेड्या घालताना तो जाड्याकडं बघून हसतो बघ, तवा तू हळूच म्हणायचा, 'तू जा घरी, लेकरं वाट बघून राहिले.' बायका पदर डोळ्याला लावायच्या. खऱ्या शिनेमात तो हसतो ते जाड्याची टर उडवायला हसतो. कोणाला आवडंल असं?

हाटेलवाला पैसे घ्यायला आला, म्हणला, 'चाचा, रडून काहून राहिले? कॉमेडी पिक्चर हाये.' मी म्हणलं, भाजी तिखट हाये.

लोकायला दोस्तीखातर जेलात जाणारा माणूस तू दाखवला. आन तू स्वतः, एक क्लीनर काय बोलला तं दोस्ताला अर्ध्या खेळात टाकून गेला. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं आता. खोडणार न्हाई.

तू चुकीचं सांगत होता असं जग म्हणतंय. म्हणू दे. मी दोन्ही बघितले. तुहा चांगला हाये.

युसूफ


आखाडा बाळापूर
१ डिसेंबर २००३

हरिचंद,

ईद झाली. शिरखुर्मा केला. रहिमाबीनं तुह्या नावाची वाटी काढून ठेवली आन मंग मला म्हणली, तुमीच प्या. दर साली हेच. मागची ईद बी तशीच गेली, पत्र बी लिहिलं न्हाई तुला. लिहून काय उपयोग, असं वाटायचं.

आता लिहून राहिलो ते काल रामप्रसाद येऊन गेला म्हणून. तुला भेटून आला ना तो. मी विचारलं, कसा हाये? म्हणला, बरा हाये, पगार येळेवर हाये. मी विचारलं, बोलतो का? तं म्हणला, 'दादा दिवसभर गेटवर उभा असतो. गाडी आली की सलाम साब. गाडी गेली की सलाम साब. घरी बी जास्त बोलत न्हाई. वहिनी म्हणती, ह्यांचा आवाज मी विसरून चालले.'

हरिचंद, एका तोंडात सगळं गाव घेऊन फिरणारा माणूस तू. आन दिवसभर सलाम साब?

मी बी तुला खोटं लिहिलं होतं. खोटं म्हंजे, ऐट केली होती. धंदा कसला आन काय. तांड्यातांड्यात डिश लागली. इथं बाळापुरात लालसिंग टीव्ही-सीडी भाड्यानं देतो, लोकं त्याच्याकडं जातात. माही मशिन पलंगाखाली हाये. मी लग्नात भोंगा लावतो, ट्यूबलाइटा लावतो. रहिमाबी माह्यामागं उभी राहून वाचून राहिली, म्हणती, हे बी लिहा की दर जुम्म्याला मशिनीला तेल घालता आन पुसता. बरं, लिहिलं.

एक गोष्ट सांगायची हाये, म्हणूनच हे पत्र. रिळाला आंबट, शिरक्याचा वास सुटलाय. नांदेडला एक जुना ऑपरेटर भेटला, तो म्हणला, असा वास सुटला की पट्टी आक्रसती, वाळक्या पानावानी मोडती. कोणी थांबवू शकत न्हाई. लई झालं तं एक-दोन खेळ निघतील, म्हणला. मंग आपला शिनेमा संपला. फाट्यावरचा राहील. तो तं सीडीत हाये, त्याला मरण न्हाई. पण जाड्या दोस्तापायी सुधरला, तो आपला शिनेमा कुठंच राहणार न्हाई.

मला तो खेळ तुह्या आवाजात करायचा हाये. दुसरं काही मागत न्हाई. होळीला तांड्यावर ये. नोकरीचं काय असंल तं मी येऊन तुह्या साहेबाच्या पाया पडतो. मला तुही लई याद येते रे. एवढ्या दिवसात लिहिलं न्हाई, आज लिहितो. भोंगा लावताना 'हॅलो हॅलो' म्हणतो आन पुढं कोणी बोलत न्हाई, तवा लई याद येते.

खालचं रहिमाबीनं सांगितलेलं: 'हरिचंदभाऊ, हे झोपेत तुमचा जाड्या बोलतात आन वाईट बोलतात. येऊन घेऊन जा.'

युसूफ


आखाडा बाळापूर
८ मार्च २००४

हरिचंद,

तू आला न्हाईस. होळीच्या आदल्या दिवशी मी फाट्यावर जाऊन बसलो होतो, हैदराबादच्या सगळ्या गाड्या बघितल्या. कंडक्टर म्हणला, चाचा, चढायचं का उतरायचं? काय सांगू त्याला.

तरी तांड्यावर गेलो. तांड्याच्या रीतीनं पहाटं होळी पेटली, दिवसभर लेंगी गाऊन बायांचे घसे बसले, आन दिवेलागणीला मी शाळेच्या भिंतीला पडदा बांधला. तुह्या तांड्याच्या नायकानं लालसिंगला बी बोलावलं होतं. म्हणला, युसूफभाई, मुका बघायचा कशाला, ह्याच्याकडं आवाजाचा हाये. मला राग आला, पण त्याचं काय चुकलं? मी म्हणलं, लावा.

लालसिंगनं टीव्ही लावला. लोकं बसले. 'मुझे शक है' सुरू झालं. कोणी हसंना. पोरं तेवढी हसली. जाड्या कपाट उघडून बघतो ना, तिथपर्यंत आलं, आन बेबीकाकी म्हणली, 'हे कोण बोलून राहिलंय याच्या तोंडातून?' लालसिंग म्हणला, काकी, हाच त्याचा खरा आवाज हाये. काकी म्हणली, 'खरा असंल तुह्या घरी. आमच्या जाड्याचा न्हाई. बंद कर.' तुहा भाऊ उठला आन त्यानं टीव्हीची पिनच काढली. लालसिंग बिचारा माह्याकडं बघायला लागला. मी मशिनीवरचं फडकं काढलं.

पट्टी दोनदा तुटली. जोडली. पडद्यावर चित्र असं हालत होतं जसं पाण्यात बघावं. भोंग्यात आवाज न्हाई, माइक नुसता स्टुलावर ठेवलेला. मला वाटलं, आता ढेकळं येणार. पण जाड्या जिन्यावरून पडला आन मागून कोणी तरी म्हणलं, 'अगं माय, ह्या घराला पायऱ्या हायेत का फणी?' सगळे हसले. मंग मालकीणबाई रडली तं बायांच्या घोळक्यातून तिचं रडणं आलं, तू करायचा बराबर तसं, शेवटी नाक ओढून. थावरानं कुत्रं केलं. अरे, त्याला कुत्र्याचंच काम द्यायला पायजे होतं, आपणच वळखलं न्हाई! ज्याला जे याद तो ते बोलून राहिला. पाठ होतं रे सगळ्याला. तुहा एकेक शब्द पाठ होता.

शेवटचं रीळ चढवायला मशिन थांबवली. आता पुढं काय, हे सगळ्यायला ठाऊक होतं. बेड्या पडतात, दोस्त जातो, आन जाड्या हिरा मालकीणबाईच्या हातात ठेवून बोलतो. ते बोलणं कोणाला पाठ न्हाई. तू ते दर खेळाला नवं करायचा. कधी म्हणायचा, माही माय म्हणली म्हणून परत आणला. कधी म्हणायचा, ह्याच्या उजेडात झोप येईना. लोकं पुन्हा पुन्हा यायचे ते तेवढ्यासाठी, जाड्यानं हिरा परत काहून आणला, हे आज काय सांगतो ते ऐकायला.

थावराला म्हणलं, तू बोल. त्यानं न्हाई म्हणून मान हालवली. नायक न्हाई म्हणला. काकी म्हणली, 'ते ज्याचं त्यानंच बोलावं.'

तवा रामप्रसादनं खिशातून मोबाइल काढला. रेंज न्हाई म्हणून बैलगाडीवर चढला, तिथं बी न्हाई, तं तिच्या धुरीच्या दांड्यावर उभा राहिला, दोघांनी पाय धरले. तुह्या गेटवरच्या केबिनीत फोन लावला. तू उचलला. 'सलाम साब, कोण पाहिजे?' म्हणला. रामप्रसाद म्हणला, दादा, मी हाव, शेवटचं रीळ चढून राहिलं.

रामप्रसाद म्हणला, ठेवला वाटतं. मंग म्हणला, न्हाई, श्वास ऐकू येतो. मी माइकची वायर ओढून त्याच्यापर्यंत नेली आन मशिन चालू केली. मोबाइल माइकला लावला. भोंग्यातून खरखर, आन मंग तुहा आवाज तांडाभर: 'युसूफ, पडद्यावर कोण हाये?'

तुला तिथून दिसत नव्हतं ना. हे माह्या डोक्यातच आलं न्हाई. मी जिंदगीत माइकवर हॅलो हॅलो सोडून काही बोललेलो न्हाई. पण बोललो. म्हणलं, हरिचंद, बेड्या घालून राहिले. पांढऱ्या कोटवाला वळला. आता जाड्याकडं बघतो. आता हसला. तू हळूच म्हणला, 'तू जा घरी, लेकरं वाट बघून राहिले.' माह्या शेजारचा लालसिंग डोळे पुसायला लागला, ज्यानं खरा शिनेमा शंभरदा लावला असंल. मी म्हणलं, आता गाडी गेली. जाड्या एकटा हाये. मालकीणबाई पायऱ्यावर आली. आता खिशात हात घातला. हिरा काढला. दिला, हरिचंद, दिला. आता तोंड उघडलं त्यानं.

तू म्हणला, 'मालकीणबाई, नेला मीच होता. परत काहून आणला ते विचारता, तं ऐका. मी लई दूर गेलो होतो, आन तिथं...'

आन फोन कटला. रामप्रसादचा बॅलन्स संपला.

पडद्यावर जाड्या तोंड हालवून राहिला. लई येळ बोलतो तो, तुला माहीत हाये. सगळा तांडा भोंग्याकडं बघत बसला. पट्टी सरली, पडदा पांढरा झाला, तरी कोणी उठंना. रामप्रसादनं सगळ्यायचे मोबाइल मागितले, तं तांड्यात दुसरा मोबाइल कोणाजवळ! नायकानं पोरगं फाट्यावर पिटाळलं, तं एसटीडीवाला बूथ बंद करून होळी खेळायला गेलेला.

काल दिवसभर लोकं माह्याकडं येऊन राहिले. पुढं काय म्हणला? मी म्हणलं, मला काय माहीत. कोणी म्हणतं, तिथं त्याला कोणी वळखंना म्हणून आणला असंल. रहिमाबी म्हणती, न्हाई, त्याला तिथं जेवण गोड लागंना. थावराचं तं तिसरंच. बेबीकाकी माह्या अंगणात येऊन बसली हाये. घरी चल म्हणलं तं म्हणती, ऐकल्याबिगर उठणार न्हाई. तिचं वय बघ, आन ऊन बघ.

फोन करू नको. फोनवर मी ऐकणार न्हाई, तांडा बी न्हाई. शेवटचं रीळ मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवलंय. अजून एक खेळ निघंल, मी बघितली पट्टी, नक्की निघंल.

तिथं काय झालं रे, हरिचंद? काहून परत आणला त्यानं? येऊन सांग.

युसूफ